तेच प्रश्न, तेच वाद: ऑनलाइन समूहातली पुनरावृत्ती टप्प्याटप्प्याने कशी हाताळावी

समूह वाढला की तोच प्रश्न आठवड्यातून तीनदा येऊ लागतो. जुने सभासद वैतागतात, नवे गोंधळतात आणि ॲडमिन धाग्यांना (एक पोस्ट आणि तिच्याखालचे प्रतिसाद) कुलपं लावत, म्हणजे नवे प्रतिसाद बंद करत सुटतात. बहुतेक समूहांत काम उलट्या टोकाने सुरू होतं: आधी धागा बंद, मग "आधी शोधा, मग विचारा" अशी तंबी, मग लांबलचक नियमावली. पक्कं उत्तर लिहून ठेवायचं मात्र राहून जातं. विचारणाऱ्याला दार बंद मिळतं आणि पलीकडे जायला जागा नसते. तो आठ दिवसांनी तोच प्रश्न वेगळ्या शीर्षकाने टाकतो, किंवा समूह सोडून जातो.

म्हणून पुढचे टप्पे क्रमानेच करा. कुलूप सहाव्या टप्प्यावर येतं, त्याआधी नाही. उदाहरणासाठी घरातल्या झाडांचा एक समूह धरला आहे, जिथे "पानं पिवळी पडतायत" हा प्रश्न कायमचा मुक्कामाला असतो. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच.

## टप्पा १: आधी मोजा

"सारखं तेच तेच येतं" ही भावना आहे, माहिती नाही. चिडचिड होते त्या प्रश्नांचा आकडा डोक्यात नेहमी फुगलेला असतो, आणि शांतपणे अनुत्तरित राहणाऱ्या प्रश्नांची नोंद कोणाकडेच नसते.

गेल्या ९० दिवसांचे धागे घ्या. धागे फार असतील तर शेवटचे २०० पुरेत. धागे नसून सलग गप्पा असतील (व्हॉट्सॲप, टेलिग्राम) तर चार आठवड्यांचे संदेश वाचा. एका स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा:

- तारीख
- शीर्षक किंवा प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत
- खरा प्रश्न काय होता, एका ओळीत
- विचारणारा नवा की जुना
- शेवटी उपयोगी उत्तर मिळालं का

दुसरा रकाना सुधारून लिहू नका. "झाडाला काहीतरी झालंय, मदत करा" असं लिहिलं असेल तर तसंच उतरवा. लोक कोणते शब्द वापरतात हे तिसऱ्या टप्प्यावर लागणार आहे, आणि तुम्ही इथे शुद्ध भाषा वापरलीत तर तो माल हातचा गेला.

तिसरा रकाना भरायला वेळ लागतो, कारण त्यासाठी धागा आतून वाचावा लागतो. बरेचदा पहिल्या पोस्टमधला प्रश्न एक असतो आणि चौथ्या प्रतिसादात कळतं की अडचण भलतीच होती.

तपासा: दोन जणांनी तेच ३० धागे स्वतंत्रपणे भरावेत आणि तिसरा रकाना ताडून पाहावा. पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी मतभेद असतील तर "एकच प्रश्न" म्हणजे काय यावर तुमच्यातच एकमत नाही. ते झाल्याशिवाय पुढे गेलात तर एक मॉडरेटर (समूहावर देखरेख ठेवणारा) जो धागा बंद करील तो दुसरा उघडील.

## टप्पा २: पुनरावृत्तीच्या जाती वेगळ्या करा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. सगळ्या पुनरावृत्तीवर एकच औषध लावलं जातं, आणि जात ओळखली नाही तर औषधच बाधतं. चार जाती सरसकट आढळतात.

ठरलेलं उत्तर असलेला प्रश्न. कुंडीला भोक हवं का, नव्या रोपाची कुंडी कधी बदलायची. उत्तर एकदा नीट लिहिलं की काम भागतं.

दिसायला तोच, आतून वेगळा प्रश्न. "पानं पिवळी पडतायत" हे एकच शीर्षक, पण कारणं निरनिराळी. खालची जुनी पानं सबंध पिवळी होत असतील आणि माती सुकी-ओली ठीक असेल, तर नत्राची कमतरता असू शकते. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे बघावं लागतं. माती दोन बोटं खोलवरही सतत चिंब असेल तर पाणी जास्त होतंय. हे तिन्ही धागे "डुप्लिकेट" म्हणून एकात ढकलले, तर लोह कमी पडलेल्या झाडाचा मालक पाणी तोडून बसेल. अशा प्रश्नाला एक उत्तर चालत नाही. कारण ओळखायच्या पायऱ्या द्याव्या लागतात.

मतांचं दळण. रासायनिक खत की सेंद्रिय, अमुक पद्धत खरी की थोतांड. इथे कोणाला उत्तर नको असतं, आपली बाजू मांडायची असते. पक्कं उत्तर लिहून हा वाद थांबत नाही, उलट त्या उत्तरावरच नवा वाद पेटतो.

सोबतीची गरज. "माझं पहिलं फूल आलं", "आज झाड मेलं, वाईट वाटतंय". शीर्षकं एकसारखी असतात, पण टाकणाऱ्यासाठी घटना पहिलीच असते. याला जुन्या धाग्याचा दुवा देणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. हे धागे कमी करायचे नसतात, त्यांना बसायला जागा द्यायची असते.

स्प्रेडशीटमध्ये सहावा रकाना घाला आणि प्रत्येक ओळीला जात लिहा. महिन्यातून तीन किंवा अधिक वेळा येणारा पहिल्या किंवा दुसऱ्या जातीचा प्रश्न असेल, तरच त्याच्यासाठी मूळ धागा, म्हणजे पक्क्या उत्तराची एकच जागा, करा. त्याहून कमी येणाऱ्यांना आहे तसं उत्तर देत राहा. पन्नास मूळ धागे करून ठेवले तर ते शोधणं हाच नवा प्रश्न होतो. सुरुवातीला पाच ते आठ खूप झाले.

## टप्पा ३: मूळ धागा तयार करा

मूळ धागा म्हणजे जिथे सगळ्यांना पाठवायचं ती जागा. शक्यतो नवा लिहू नका. आधीच्या धाग्यांत एखादं उत्तम उत्तर पडलेलं असतं. ते ज्याने लिहिलंय त्याला विचारून तोच धागा पुढे आणा. त्याला मान मिळतो आणि पुढे देखभालीला एक माणूसही मिळतो.

शीर्षक. पहिल्या टप्प्यातल्या दुसऱ्या रकान्यातून उचला. "पर्णपीतता: कारणमीमांसा व उपाय" असं शीर्षक कोणी शोधत नाही. "झाडाची पानं पिवळी पडतायत: कारण कसं ओळखायचं" हे सापडतं. लोक तीन-चार तऱ्हांनी लिहीत असतील (पिवळी पाने, पाने पिवळी, पानं सुकतायत) तर तेही शब्द पहिल्या पोस्टमध्ये कुठेतरी वाक्यात येऊ द्या, म्हणजे शोध लागेल. मराठीत "पाने" आणि "पानं" हा फरकही शोधयंत्राला बऱ्याचदा पार होत नाही, त्यामुळे दोन्ही रूपं हवीत.

पहिली पोस्ट. ४०० ते ६०० शब्दांत, आणि याच क्रमाने:

1. सर्वात सामान्य कारण आणि त्यावरचा उपाय, तीन-चार ओळींत. घाईतल्या माणसाचं इथेच भागलं पाहिजे.
2. कारण ओळखायच्या पायऱ्या. "पिवळी पानं खालची की वरची? माती दोन बोटं खोल ओली की कोरडी? शिरा हिरव्या आहेत का?" प्रत्येक उत्तराला पुढची वाट.
3. याने भागलं नाही तर काय माहिती देऊन विचारायचं: झाडाचं नाव, पाणी किती दिवसांनी, ऊन किती तास, पूर्ण झाडाचा एक फोटो आणि पानाचा एक जवळून.
4. हे उत्तर कुठे लागू नाही. जमिनीतली झाडं, शेतीपिकं, जे काही असेल ते.
5. शेवटचं तपासल्याची तारीख आणि कोणाकडे दुरुस्ती सांगायची.

तिसरा मुद्दा वगळू नका. पुनरावृत्तीचे बरेच धागे लांबतात ते माहिती अपुरी असते म्हणून. विचारणाऱ्याला काय सांगायचं हेच ठाऊक नसतं.

धोका: मूळ धाग्याला कुलूप लावून ठेवू नका. लोकांना उत्तर लागू पडलं नाही तर तिथेच सांगता आलं पाहिजे. डिस्कोर्समध्ये (चर्चा-मंच चालवायचं सॉफ्टवेअर) पहिली पोस्ट विकी करता येते, म्हणजे अनुभवी सभासद ती थेट सुधारू शकतात. ही सोय नसेल तर दर काही महिन्यांनी खालच्या प्रतिसादांतलं कामाचं वर चढवायचं काम कोणाच्या तरी नावावर टाका.

तपासा: समूहात नसलेल्या एका माणसाला प्रश्न सांगा आणि मूळ धागा वाचायला द्या. दोन मिनिटांत त्याला पुढची कृती सांगता आली नाही तर पोस्ट फार लांब किंवा उलट्या क्रमाने लिहिलेली आहे.

## टप्पा ४: उत्तर वाटेत ठेवा

चांगला मूळ धागा नियमांच्या पानाखाली सातव्या दुव्यावर पडला असेल तर तो नसल्यातच जमा. माणूस प्रश्न टाइप करत असतो, नेमक्या त्या क्षणी ते दिसलं पाहिजे.

डिस्कोर्समध्ये शीर्षक टाइप करताना मिळतेजुळते धागे आपोआप दिसतात. म्हणूनच शीर्षकातले शब्द इतके महत्त्वाचे. विभागवार नमुना मजकूरही ठेवता येतो: नवा धागा उघडला की "झाडाचं नाव: , पाणी: , ऊन: " असा सांगाडा आधीच भरलेला येतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपमधल्या फोरम चॅनेलमध्ये पोस्टसाठी सूचना आणि टॅग ठेवता येतात, आणि टॅग निवडणं सक्तीचं करता येतं.

व्हॉट्सॲपची अडचण निराळी आहे. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो. पिन केलेला संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहतो, मग उतरतो. म्हणजे पक्कं उत्तर संदेशात लिहून ठेवण्यात अर्थ नाही. ते शिळं झालं की दुरुस्त करता येणार नाही. उत्तर बाहेरच्या एखाद्या दस्तऐवजात ठेवा, त्याचा दुवा समूहाच्या वर्णनात पहिल्या ओळीत द्या, आणि दुव्याचा संदेश पिन करून ३० दिवसांनी पुन्हा पिन करायची आठवण लावा. टेलिग्राममध्ये एकेका संदेशाचा स्वतंत्र दुवा मिळतो आणि मोठ्या समूहात विषयवार कप्पेही करता येतात, त्यामुळे तिथे हे काम बरंच सोपं आहे.

पिनची संख्या आवरा. सातत्याने डोक्यावर सात पिन दिसले की डोळा ते सगळेच ओलांडून जातो. दोन ठेवा, फार तर तीन.

## टप्पा ५: पुन्हा तोच धागा आला, आता काय

हा रोजचा टप्पा आहे, आणि समूहाचं वातावरण इथेच बनतं किंवा बिघडतं. क्रम असा:

1. पोस्ट पूर्ण वाचा, फोटोसकट. शीर्षकावरून निकाल देऊ नका.
2. स्वतःला एकच प्रश्न विचारा: मूळ धाग्यात लिहिलंय ते केल्याने या माणसाची अडचण सुटेल का? "बहुधा" असं उत्तर आलं तर तो वेगळा प्रश्न समजा.
3. आधी एका-दोन ओळींत थेट उत्तर, मग दुवा. नुसता दुवा फेकू नका.
4. दुवा नेमक्या पोस्टचा द्या. ३०० प्रतिसादांच्या धाग्याचा नुसता दुवा म्हणजे मदत नव्हे.
5. २४ तास थांबा. भागलं नाही असं तो म्हणाला तर धागा चालू ठेवा.
6. त्यानंतरच विलीन करायचं की बंद करायचं ते ठरवा.

प्रतिसादाचा नमुना:

> फोटोत माती चिंब दिसतेय आणि पिवळी पानं खालची आहेत, त्यामुळे आधी पाणी कमी करून बघा: वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच घाला. कारण नक्की करायच्या पायऱ्या इथे आहेत (दुवा). दहा दिवसांत नवी पानंही पिवळी येऊ लागली तर याच धाग्यात फोटो टाका, मग दुसरं कारण शोधू.

यात त्याच्या फोटोचा उल्लेख आहे, करण्याजोगी गोष्ट आहे आणि परत यायला वाट आहे. असे चार-पाच नमुने मॉडरेटरांसाठी तयार ठेवा, पण पहिली ओळ दर वेळी त्या पोस्टवरूनच लिहा. तयार मजकूर जसाच्या तसा चिकटवला की लोकांना ते लगेच कळतं.

धोका: "शोध वापरा", "हे शंभर वेळा झालंय", "नियम वाचले नाहीत वाटतं" असे प्रतिसाद जुन्या सभासदांकडून येतातच. सार्वजनिक झापाझापी न करता व्यक्तिगत निरोप पाठवा आणि एक सोपा नियम सांगा: उत्तर द्यायचा कंटाळा आला असेल तर धागा सोडून द्या, दुसरा कोणी देईल. जुन्यांचा वैताग खरा असतो, तो नाकारू नका. त्यांना नवख्यांच्या विभागाची सूचना बंद कशी करायची ते दाखवा आणि अवघड प्रश्नांसाठी वेगळा टॅग द्या. उत्तम माणसं टिकवायचा हाच मार्ग आहे.

## टप्पा ६: बंद करणं, विलीन करणं, उडवणं

यातलं उडवणं जवळपास कधीच नको. वेगळ्या शब्दांत विचारलेला बंद धागा हा मूळ धाग्याकडे जाणारा फलक असतो. पुढचा माणूस त्याच शब्दांत शोधेल तेव्हा तिथून योग्य जागी पोचेल. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर डुप्लिकेट ठरलेले प्रश्न याच कारणाने सहसा ठेवले जातात, आणि आपला प्रश्न वेगळा कसा हे दुरुस्तीने दाखवून तो पुन्हा उघडून घ्यायची सोय विचारणाऱ्याला असते. अशी अपिलाची वाट तुमच्याकडेही असू द्या.

बंद करताना शेवटची पोस्ट मॉडरेटरची असावी: का बंद केला, पुढे कुठे जायचं, चुकून झालं असेल तर कोणाला कळवायचं. तीन ओळी, बस.

विलीन करणं सोयीचं दिसतं आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. पीएचपीबीबी या चर्चा-मंचाच्या सॉफ्टवेअरमध्ये विलीन धाग्यातल्या पोस्टी वेळेनुसार लागतात. म्हणजे दोन्ही धागे एकाच काळात चालू असतील तर एकीकडचे प्रतिसाद दुसरीकडच्या प्रश्नाखाली जाऊन बसतात. "हो, तेच करा" हे कोणाला उद्देशून होतं ते कळेनासं होतं, आणि झाडांच्या बाबतीत चुकीच्या झाडाला चुकीचा सल्ला लागतो. म्हणून:

- एकाच घटनेवर तासाभरात दोन-तीन धागे निघाले असतील तर लगेच विलीन करा. प्रतिसाद कमी असतात, नुकसान नाही.
- प्रत्येकी दहापेक्षा जास्त प्रतिसाद असतील तर विलीन करू नका. नवा बंद करून दुवा द्या.
- व्यक्तिगत अडचणींचे धागे कधीच विलीन करू नका, विषय एक असला तरी.
- करण्याआधी दोन्ही धागाकर्त्यांना कळवा, आणि जुन्या जागी नव्या जागेचा दुवा उरतोय ना ते बघा.

तपासा: विलीन केल्यावर धागा वरून खाली वाचा. "वर म्हटल्याप्रमाणे" कुठे लोंबकळत असेल तर तिथे मॉडरेटरची एका ओळीची टीप घाला. अनेक ठिकाणी विलीनीकरण एका बटणाने उलटवता येत नाही, हे ध्यानात ठेवून बटण दाबा.

## टप्पा ७: मतांचं दळण

इथे मूळ धाग्याऐवजी एक चालू धागा ठेवा. पहिल्या पोस्टमध्ये दोन्ही बाजूंचे मुद्दे, प्रत्येकी पाच-सात ओळींत. ज्या बाजूचे मुद्दे त्याच बाजूच्या माणसाकडून लिहून घ्या. विरोधकाने लिहिलेला सारांश कोणी मान्य करत नाही आणि त्यावरूनच पहिली ठिणगी पडते.

नवा धागा काढायची अट एकच: नवी माहिती. नवं संशोधन, नवं उत्पादन, स्वतः केलेल्या प्रयोगाच्या नोंदी. "मला पुन्हा वाटलं" हे चालू धाग्यात जाईल. ही अट सगळ्यांना सारखी लावा. जुन्या, लाडक्या आयडीला एकदा सूट दिली की अट मोडीत निघाली.

वाद तापला तर कुलपाआधी वेग कमी करा. टेलिग्राम, डिस्कॉर्ड आणि डिस्कोर्स या तिन्हींत मंद गतीची सोय आहे: एका माणसाला ठरावीक वेळाने एकच संदेश टाकता येतो. वेळेची मुदत अशी निवडा की माणसाला समोरच्याचं पूर्ण वाचावं लागेल. दोन माणसांची हमरीतुमरी असेल तर तासाभराचं अंतर पुष्कळदा पुरतं. तरीही धुमसत असेल तर बंद करा, पण पुन्हा उघडायची तारीख सांगून. बेमुदत कुलूप लागलं की वाद बाकीच्या धाग्यांत पाझरतो.

## टप्पा ८: सोबतीच्या धाग्यांना ठरलेला वार

"या आठवड्यातली फुलं", "छोटे प्रश्न, कसलेही" असे साप्ताहिक धागे ठेवा. वार आणि वेळ पक्की, शीर्षकात तारीख. डिस्कोर्स आणि रेडिटवर ठरलेल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होणारी पोस्ट लावता येते.

दोन गोष्टी विसरल्या जातात. जुना साप्ताहिक धागा बंद करून त्यात नव्याचा दुवा द्यायचा, नाहीतर गप्पा दोन जागी विभागतात. आणि अनुत्तरित प्रश्न नव्या धाग्यात उचलून न्यायचे. हे केलं नाही तर "छोटे प्रश्न" हा धागा प्रश्न पुरायची जागा होतो, आणि लोक मुकाट्याने पुन्हा स्वतंत्र धागे काढू लागतात. प्रतिसाद सलग तीन आठवडे दोन-तीनवर आले तर पाक्षिक करा.

ज्याला स्वतंत्र धागा हवा त्याला मात्र अडवू नका. झाड मेल्याचं दुःख कोणाला साप्ताहिक धाग्याच्या सत्तेचाळिसाव्या प्रतिसादात लिहावंसं वाटत नाही.

## टप्पा ९: दर तीन महिन्यांनी

पहिल्या टप्प्यातली मोजणी पुन्हा करा, त्याच पाच रकान्यांत. पाचव्या रकान्याकडे जास्त लक्ष द्या. पुनरावृत्ती निम्म्यावर आली पण "उपयोगी उत्तर मिळालं" हेही घटलं असेल, तर प्रश्न सुटलेले नाहीत, लोकांनी विचारणं सोडलंय. नव्या सभासदांच्या पहिल्या पोस्टनंतर दुसरी येते का तेही पाहा. ती थांबली असेल तर पाचव्या टप्प्यावरच्या प्रतिसादांचा सूर तपासा.

मग एकेक मूळ धागा उघडा. दुवे चालतात का, तारीख किती जुनी आहे, खालच्या प्रतिसादांत "हे माझ्याकडे लागू पडलं नाही" किती वेळा आलंय. तीनदा आलं असेल तर पायऱ्यांमध्ये एक फाटा कमी आहे. तो शोधून पहिल्या पोस्टमध्ये घाला आणि तारीख बदला. तीन महिन्यांत एकदाही कोणाला पाठवावं लागलं नाही, असा मूळ धागा पिनवरून उतरवा आणि ती जागा मोजणीत नव्याने वर आलेल्या प्रश्नाला द्या.